कलमे विकण्यापूर्वी

राजापूर तालुक्यातील एका भगिनीचे चार पानी पत्र आमच्याकडे आले आहे. नाव व गाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे पत्रातील मजकूर संक्षेपाने देत आहे.

‘माझे यजमान बावन्न वर्षांचे आहेत. गणपतीपासून त्यांच्या जिभेच्या कडेला जखम होती, ती औषधांनी भरेना. तपासणीसाठी तुकडा काढला, तेव्हा कॅन्सर असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जाण्यास सांगितले. आमची आंब्याची बत्तीस कलमे आणि घरापुरती भातशेती आहे. मुलगी बारावीला आहे. दीर ठाण्याजवळ दिव्याला राहतात. त्यांचे म्हणणे असे, की कलमांसकट जमीन विकून टाकावी, गिऱ्हाईक तयार आहे. पुतण्या मोबाइलवरून मदतीचे आवाहन करू म्हणतो. तालुक्याच्या बाजारातील एक गृहस्थ मुंबईच्या ट्रस्टांकडून दोन लाख मिळवून देतो म्हणतात, मात्र दहा टक्के आगाऊ मागतात. यजमान म्हणतात, आजवर कोणाच्या दारात गेलो नाही, आता मला भीक मागायला लावू नकोस. अशा संस्था खऱ्या असतात का? आणि त्यांची मदत घेतली, तर ती भीकच म्हणायची का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील एका प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, म्हणून ते आधी देतो. दहा टक्के मागणाऱ्या त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका आणि तुमच्या आधार कार्डाची प्रतही त्यांच्या हाती ठेवू नका. रुग्णांना मदत करणारी कोणतीही प्रामाणिक संस्था अर्जासाठी पैसे घेत नाही, आणि ती जी रक्कम मंजूर करते ती बहुतेक वेळा रुग्णाच्या हातातही देत नाही. धनादेश रुग्णालयाच्या नावाने निघतो आणि रक्कम रुग्णाच्या फाइल क्रमांकावर जमा होते. जी रक्कम तुमच्या हातात येणारच नाही तिचा दहावा हिस्सा आगाऊ मागणारा माणूस काय विकत आहे, हे यावरून ओळखावे.

आता जमिनीविषयी. दिरांची तळमळ खरी आहे, यात शंका नाही. पण उपचार किती दिवसांचे, त्यातले किती मोफत, किती सवलतीत आणि किती पदरचे, हे एका कागदावर उतरण्यापूर्वी कलमे विकणे म्हणजे मोहोर पाहण्याआधीच पेट्यांचा भाव ठरवणे होय. त्यात आपल्याकडचा सातबारा कसा असतो हे तुम्ही जाणता. सामाईक नावे वीस-पंचवीस, निम्मी मंडळी मुंबईला, आणि एक-दोन वारस कोठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. असे असताना ‘तयार’ असलेले गिऱ्हाईक तुमच्या घाईची किंमत भावातून वजा करूनच तयार झालेले असते. हाताशी रोख हवीच असेल, तर या हंगामापुरती बाग खंडाने द्या. आलेले पैसे कमी वाटतील, पण झाडे तुमचीच राहतील.

खर्चाचा अंदाज बांधताना बहुतेक कुटुंबांची एक चूक होते. सगळे लक्ष शस्त्रक्रियेच्या आकड्यावर असते. जिभेच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा किरणोपचार सांगितले जातात. ते आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीस बैठकांचे, म्हणजे सहा आठवड्यांचे असतात. तुमच्या यजमानांना ते लागतील की नाही हे डॉक्टरच ठरवतील, मात्र तयारी लागतील असे धरूनच करावी. या सहा आठवड्यांत बैठक दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि उरलेला दिवस मुंबईत काढायचा असतो. दिव्याहून परळपर्यंत रोज लोकलने, तोंडाला जखम असलेल्या माणसाला घेऊन जाणे किती दिवस निभेल, याचा विचार दिरांनीही केलेला दिसत नाही. राहणे, जेवण, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांनीच घर खचते, आणि सेवाभावी संस्थांची सर्वांत मोलाची मदत नेमकी याच ठिकाणी होते.

परळ-दादर परिसरात रुग्ण व त्यांच्या सोबत्यांची राहण्याची सोय करणाऱ्या जुन्या संस्था आहेत. नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून हे काम करीत आली आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि तेथे राहणाऱ्यांत टाटातील रुग्ण मोठ्या संख्येने असतात. लहान मुलांना कॅन्सर झाला असेल, तर आई-वडिलांसह विनामूल्य ठेवून घेणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून कार्यरत आहे. तुम्हाला तिचा उपयोग नाही, पण हे सदर वाचणाऱ्या कोणाला तरी होईल, म्हणून नोंदवून ठेवतो. अशा ठिकाणी जागा मिळण्यासाठी रुग्णालयाचे पत्र लागते आणि प्रतीक्षा यादीही असते, त्यामुळे मुंबईला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी या पत्राची मागणी करावी. सोबत राहणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून कोण थांबणार हे घरीच ठरवून निघावे.

जागा पाहताना स्वयंपाकाची सोय आहे का, हे अवश्य विचारा. माझ्या आत्याच्या यजमानांवर जबड्याची शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा काही आठवडे नाकातून घातलेल्या नळीनेच आहार द्यावा लागत होता. आत्या पहाटे उठून उकड्या तांदळाची पेज करीत असे. आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे ती मिक्सरमधून काढायची, दोनदा गाळायची, कोमट झाली की मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायची, आणि पुन्हा दोन तासांनी तेच. एखादे शीत जरी राहिले तरी नळी तुंबत असे. लॉजच्या खोलीत हे जमण्यासारखे नव्हते. धर्मशाळेच्या सामाईक ओट्यावर जमले, कारण तेथे शेजारच्या शेगडीवर साताऱ्याची एक बाई तेच करीत होती आणि गाळणी कोणती घ्यावी हे तिनेच दाखवले होते.

टाटा हॉस्पिटलविषयी एक गोष्ट नीट समजून घ्या. ते १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे नोंदणी ‘जनरल’ आणि ‘प्रायव्हेट’ अशा दोन वर्गांत होते. लवकर नंबर लागेल या आशेने अनेक जण उसनवारी करून प्रायव्हेटमध्ये नाव घालतात आणि पुढे मदत मागण्याची वेळ आली, की अडकतात, कारण आर्थिक साहाय्याचा विचार मुख्यतः जनरलमधील रुग्णांसाठी होतो आणि वर्ग मागाहून बदलून घेणे सोपे नसते. दोन्ही वर्गांत उपचार करणारे डॉक्टर तेच असतात. तुम्ही जनरलमध्येच नोंदणी करा.

फाइल तयार झाली, की वैद्यकीय समाजसेवा विभाग कोठे आहे हे विचारून तेथे जा. या विभागातील समाजसेवक ही तुमच्या दृष्टीने डॉक्टरांच्या खालोखाल महत्त्वाची व्यक्ती आहे. कोणता ट्रस्ट कोणत्या आजाराला मदत करतो, कोणाचा निधी मार्चअखेर संपतो, कोणाला मूळ कागद दाखवावे लागतात आणि कोणाला प्रती चालतात, हे सारे त्यांना ठाऊक असते. बाहेरचा मध्यस्थ तुम्हाला दहा टक्क्यांत जे विकू पाहतो, ते येथे विनामूल्य मिळते. त्यांच्यापाशी घरची खरी परिस्थिती सांगा. बागायत आहे हे लपवू नका. ‘बत्तीस कलमे’ ऐकून मुंबईचा माणूस तुम्हाला बागायतदार समजेल ही भीती मला कळते, पण त्यावर उपाय म्हणजे गेल्या वर्षी किती पेट्या निघाल्या आणि फवारणी, राखण व दलाली जाऊन हातात काय उरले, हे लिहिलेला एक साधा कागद सोबत ठेवणे.

कागदपत्रांबाबत मी थोडा सविस्तर लिहितो, कारण मदत मिळण्यात जो उशीर होतो तो फार वेळा येथेच होतो. शिधापत्रिका, दोघांची आधार कार्डे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बायोप्सीचा अहवाल, बँकेचे पासबुक आणि यजमानांची छायाचित्रे ही निघण्यापूर्वीची तयारी. रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक तेथे गेल्यावर मिळेल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आजच सेतू केंद्रात अर्ज करा. आणि सगळ्या कागदांवरील नावे शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचा. आमच्या नात्यातील एका रुग्णाच्या शिधापत्रिकेवर वडिलांचे नाव ‘बाबाजी’, आधारवर ‘बाबू’ आणि बँकेत नुसते ‘बी’ असे होते. आपल्याकडे बाबू, बाबाजी आणि बाबल्या हा एकच माणूस असतो हे मुंबईच्या संगणकाला पटवण्यात आमचे पंधरा दिवस गेले. अशी तफावत आढळली, तर प्रतिज्ञापत्र राजापुरातूनच करून न्या, आणि प्रत्येक कागदाच्या दहा-दहा प्रती काढा. तेथे झेरॉक्सच्या रांगेतही दिवस मोडतो.

मदतीचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिली पायरी सरकारी योजनेची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केवळ पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती राहिलेली नाही. शुभ्र शिधापत्रिकाधारकही तिच्यात आले आहेत आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा मदतनीस, बसलेला असतो. त्याला शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवून यजमानांचे उपचार योजनेत बसतात का, हे विचारा. जे तिच्यात बसत नाही त्यासाठी मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांच्या आत असावे लागते, आणि या निधीचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातही असल्यामुळे केवळ अर्जासाठी मंत्रालयात खेटे घालण्याची गरज उरलेली नाही. या दोन्हींनंतर जी तूट राहील तिच्यासाठी ट्रस्टांकडे जायचे. हा क्रम उलटा केला, तर प्रत्येक ट्रस्ट पहिला प्रश्न विचारील, की योजनेचे काय झाले.

एकेक ट्रस्ट देतो ती रक्कम सहसा लहान असते, त्यामुळे चार-पाच ठिकाणी अर्ज करावे लागतात आणि त्यात लपवाछपवी काहीच नाही. प्रत्येक अर्जात इतर ठिकाणी काय मागितले व काय मिळाले, हे स्पष्ट लिहावे. एका वहीत तारखेसह नोंद ठेवली, की पुढच्या अर्जाला तीच वही उपयोगी पडते. संस्था खऱ्या असतात का, असे तुम्ही विचारता. बहुतेक खऱ्या असतात, काही नुसत्या पाटीपुरत्या असतात. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे झालेली असते आणि तिचा क्रमांक संस्था आपल्या कागदावर छापते. जी संस्था तो सांगायला टाळाटाळ करील तिचे दार सोडून द्यावे. उलट, इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून मुंबईत काम करीत आहेत. यांतील दुसऱ्या संस्थेने रक्ताच्या कॅन्सरवरील एका महागड्या औषधाच्या पेटंटला विरोध करून तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने ते पेटंट नाकारले आणि भारतीय कंपन्यांचे स्वस्त औषध रुग्णांना मिळत राहिले. ते औषध घेणाऱ्या कित्येकांना या संस्थेचे नावही ठाऊक नसेल.

आता तुमच्या यजमानांच्या शब्दाकडे येतो. ‘भीक’ हा शब्द त्यांच्या तोंडी आला, तो स्वाभिमानी माणसाचा आहे आणि त्याची थट्टा कोणी करू नये. पण कायदा काय म्हणतो ते त्यांना वाचून दाखवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आणि त्याखाली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांना सवलतीत द्यावयाच्या असतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. प्रत्येक रुग्णाच्या बिलातून २ टक्के रक्कम याच कामासाठी वेगळ्या निधीत ठेवायची असते. टाटा हॉस्पिटल वेगळ्या व्यवस्थेत येत असल्यामुळे तेथे ही योजना लागू नाही. मात्र पुढे एखाद्या धर्मादाय रुग्णालयात जावे लागले आणि ‘अशा खाटा शिल्लक नाहीत’ असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. करातील सूट आणि इतर सवलती ज्या अटीवर दिल्या गेल्या, ती अट म्हणजे तुमच्या यजमानांसारखा रुग्ण आहे. अट पाळा असे सांगणाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी त्यांना एक विचारा. गावात भातलावणीला कोणाच्या घरी माणूस आजारी पडला, तर त्याच्या शेतात तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावायला ते गेले नसतील काय? ज्याचे लावून दिले त्याला त्यांनी भिकारी मानले काय? तरीही मी तुम्हाला वाद घालण्याचा सल्ला देणार नाही, कारण ज्याच्या जिभेला वेदना आहे त्याच्याशी वाद घालणे योग्य नव्हे. त्यापेक्षा त्यांना काम द्या. ती हिशेबाची वही त्यांच्या हाती सोपवा, प्रत्येक अर्जावर सही त्यांची असू द्या आणि आलेल्या प्रत्येक धनादेशाची नोंद त्यांनीच करावी. शस्त्रक्रियेनंतर काही काळ त्यांना कदाचित बोलता येणार नाही. तेव्हा लिहिण्याची सवय आधीच लागलेली बरी.

पुतण्याच्या उत्साहाला आवर घाला, पण मोडता घालू नका. मोबाइलवरील आवाहनात लोक पैसे देतात हे खरे. मात्र अशा काही मंचांवर जमलेल्या रकमेतून शुल्क कापले जाते, म्हणून अटी आधी वाचाव्यात. आवाहनात आधार क्रमांक किंवा संपूर्ण अहवाल टाकू नयेत आणि पैसे शक्यतो रुग्णालयाच्या खात्यातच यावेत. यजमानांचे छायाचित्र, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या चेहऱ्याचे, त्यांना विचारल्यावाचून कोठेही जाऊ देऊ नका. ते छायाचित्र मुलीच्या कॉलेजातील मोबाइलपर्यंत पोहोचेल, आणि आजार बरा झाल्यावरही फिरत राहील.

त्याऐवजी, किंवा त्याच्याही आधी, तुमच्या गावाच्या मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेच्या, कार्यवाहांना भेटा. दिरांना हे काम सांगा, त्यांना ते आवडेल. ज्या परळ-लालबागमध्ये आज आपला रुग्ण अनोळखी म्हणून उतरतो, तेथेच दोन पिढ्यांपूर्वी कोकणातील गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत वळकट्या टाकून राहत होते. काही मंडळांकडे अशा खोल्या अजून आहेत आणि चार-सहा आठवड्यांसाठी दोन माणसांची सोय होऊ शकते. मंडळाने वर्गणी काढली, तर जमाखर्च एकानेच लिहावा, आणि शिल्लक राहिलेली रक्कम गावातील पुढच्या रुग्णासाठी ठेवायची की परत करायची, हे पहिल्या बैठकीतच ठरवावे. मागाहून ठरवायला गेले, की शिमग्यापर्यंत भांडण पुरते.

प्रवासाचेही सांगतो. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारांसाठी जाता-येता रेल्वेच्या शयनयान व थ्री-टायर वातानुकूलित डब्याचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला आरक्षण खिडकीवर द्यावा लागतो. पहिल्याच भेटीत हा दाखला मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या खेपेपासून तो उपयोगी पडेल. तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरला पोहोचते आणि तेथून टाटा जवळ आहे. उपचारांचा पहिला टप्पा संपल्यावर पुढील तपासण्यांपैकी काही घराजवळ करता येतील का, हेही डॉक्टरांना विचारा. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, तेही धर्मादाय न्यासाचेच आहे.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारले आहे, की मुलीला परीक्षा होईपर्यंत सांगू नये असे सासूबाईंचे मत आहे, ते योग्य काय? माझे मत वेगळे आहे. घरात चार दिवस दार लोटून जी कुजबुज चालली आहे ती तिने ऐकलेली असणारच. तिला आजच सांगा. पुष्कळसे अर्ज इंग्रजीत असतात आणि ते भरण्यास घरात तिच्याइतके योग्य कोणी नाही. रात्री अभ्यासानंतर अर्धा तास तिने आणि तिच्या बाबांनी मिळून फाइल लावावी. बाबाजी आणि बाबूचा घोळ निघालाच, तर तो तिच्याच डोळ्यांना आधी दिसेल.